आराखडा नावाची संहिता

‘रेडिओ-नियंत्रित जुने दुपंखी विमान’ ह्या शब्दसमूहातले ‘जुने’ हे विशेषण नेमके कोणाचे, हा प्रश्न व्याकरणाच्या तासाला शोभावा असा आहे. पण ज्याला असे विमान बांधायचे आहे, त्याला तो पहिल्याच दिवशी सोडवावा लागतो. मूळ विमान जुने असेल, म्हणजे पहिल्या महायुद्धातले सॉपविथ पप किंवा १९३१ मध्ये प्रथम उडालेले डी हॅविलंड टायगर मॉथ, तर त्याच्या प्रतिकृतीचा आराखडा कालपरवा काढलेला असला तरी चालतो. उलट, प्रतिकृतीची रचनाच जुनी हवी असेल, तर ती कोणत्या खऱ्या विमानाशी मिळतीजुळती आहे ह्याला फारसे महत्त्व उरत नाही. तिचा कागद जुना असला म्हणजे झाले. अमेरिकेतील ‘सोसायटी ऑफ अँटिक मॉडेलर्स’ ह्या संघटनेने तर त्यासाठी तारखाच आखून दिल्या आहेत. १९३८ अखेरपर्यंतची रचना ‘अँटिक’, १९४२ अखेरपर्यंतची ‘ओल्ड टायमर’. ह्यातल्या बहुतेक रचना रेडिओ नसतानाच्या, मोकळ्या उड्डाणासाठी केलेल्या. आजचे हौशी लोक त्यांत रेडिओ बसवतात. एका विशेषणाचा अन्वय असा लागला की शोध एका दिशेला जातो आणि तसा लागला की दुसऱ्या.

छंदाच्या गोष्टी साहित्यचर्चेच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ह्या छंदातली माणसे आराखडा ज्या रीतीने शोधतात, ताडून पाहतात, वाचतात आणि जपतात, ती रीत म्हणजे संहितेशी व्यवहार करण्याची एक शिस्त आहे. ती शिस्त आपल्या पदव्युत्तर वर्गांतून झपाट्याने उतरणीला लागली आहे. त्यांना ‘पाठचिकित्सा’ हा शब्द माहीत नसेल. पण ते ती करतात. आपल्याला शब्द माहीत आहे, आणि प्रश्नपत्रिकेत त्यावर टीप लिहिण्यापलीकडे त्याचे आपण फारसे काही करत नाही.

प्रथम साधनांविषयी. असे विमान मिळवण्याचे ढोबळमानाने चार मार्ग आहेत. पहिला, तयार विमान. पंख, धड, शेपटी सारे कारखान्यातून बांधून व मढवून आलेले. विकत घेणाऱ्याने स्क्रू आवळायचे आणि इंजिन किंवा मोटर, रेडिओ वगैरे बसवायचे. दुसरा, पूर्ण किट. ह्यात कापलेले भाग, लाकडी पट्ट्या, तारा, आराखडा आणि बांधणीची पुस्तिका असते. तिसरा, ज्याला ‘शॉर्ट किट’ म्हणतात तो. पंखांच्या फासळ्या आणि धडाचे आडवे छेद तेवढे लेसरने कापून मिळतात. बाकी बाल्सा, प्लायवूड आणि पियानो वायर आपण जमवायची. चौथा मार्ग केवळ आराखड्याचा. हाती एक कागद, आणि पुढचे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी व हातांनी. ह्यापलीकडे पाचवाही एक मार्ग आहे. मूळ विमानाची तीन बाजूंची रेखाटने आणि छायाचित्रे जमवून आराखडाच स्वतः काढायचा. पण तो अनुभवी माणसांचा.

किट घेतले की आराखडा वाचण्याचे कष्ट वाचतात, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. किट हे आराखड्याचे कोणीतरी केलेले वाचन असते. कुठली फासळी किती जाडीची, कुठे प्लाय आणि कुठे बाल्सा, कोणता सांधा सोपा करायचा, हे निर्णय आपल्या आधी कोणी तरी घेतलेले असतात. ते निर्णय चांगले की वाईट हे ठरवायला आराखडा वाचता यावाच लागतो. शिवाय किटांचे आयुष्य कंपनीच्या आयुष्याएवढे. कंपनी बंद पडली, मालक निवृत्त झाला, साचे मोडीत निघाले, की किट संपते. मग कोणाच्या तरी माळ्यावर न उघडलेला एखादा खोका निघेल तेवढाच. आराखड्याचे तसे नाही. एक स्वच्छ प्रत कुठेही शिल्लक राहिली तरी विमान पुन्हा बांधता येते. म्हणून कोणी ‘कुठले किट घेऊ’ असे विचारले, तर त्या विमानाचे कोणकोणते आराखडे आहेत ते आधी पाहा आणि मग किट निवडा, असेच उत्तर मी देईन.

हे आराखडे आले कुठून? मुख्यतः नियतकालिकांतून. अमेरिकेत ‘मॉडेल एअरप्लेन न्यूज’ १९२९ मध्ये आणि ब्रिटनमध्ये ‘एरोमॉडेलर’ १९३५ मध्ये सुरू झाले. पुढे १९६० मध्ये ‘रेडिओ कंट्रोल मॉडेल्स अँड इलेक्ट्रॉनिक्स’ ह्या ब्रिटिश मासिकाने खास रेडिओ-नियंत्रित विमानांचे दालन उघडले. अशा मासिकांची पद्धत एकसारखी होती. अंकात रचनाकाराचा लेख आणि आराखड्याची लहान आकारातली प्रतिमा छापायची; पूर्ण आकाराचा आराखडा हवा असेल त्याने पैसे पाठवून टपालाने मागवायचा. प्रत्येक आराखड्याला क्रमांक, रचनाकाराचे नाव, पंखांची लांबी, इंजिनाचा आकार. ह्यांच्या सूच्या हे त्या छंदाचे खरे ग्रंथालय.

इथे पहिला धडा मिळतो. लेखावाचून आराखडा म्हणजे अर्धी संहिता. वरचा आणि खालचा पंख धडाशी किती अंशाचा कोन करतो, तोल कुठे साधायचा, आधी काय चिकटवायचे आणि नंतर काय, ह्यांतल्या कितीतरी गोष्टी कागदावर नसतात, लेखात असतात. आराखड्यावर न लिहिलेल्याही काही गोष्टी असतात, त्या लिहिण्याची त्या काळी कोणाला गरज वाटली नाही. जागा वाचवण्यासाठी पुष्कळ जुन्या आराखड्यांत एकच पंख काढलेला असतो. दुसरा ‘तसाच, उलट बाजूने’. जुने लोक कागदाला तेल लावून तो पारदर्शक करीत आणि उलटा करून त्यावर दुसरा पंख बांधीत. ही सूचना ज्याच्या नजरेतून निसटते, त्याच्या टेबलावर दोन डावे पंख तयार होतात. छंदातला हा विनोद जुना आहे. पण त्यातले मर्म कोणत्याही जुन्या संहितेला लागू पडते. लेखकाने गृहीत धरलेला वाचक कोण होता हे न ओळखता आपण वाचू लागलो, तर आपल्याही हाती दोन डावे पंख येतात.

दुसरा धडा प्रतीच्या विश्वासार्हतेचा. पूर्ण आकाराचा आराखडा म्हणजे मोजमाप. त्याची छायाप्रत काढताना किंचित ताण पडला, कागद पावसाळ्यात फुगला, किंवा प्रतिमा छापताना यंत्राने ती ‘पानात बसवली’, की प्रमाण बदलते. आणि बऱ्याचदा उभे प्रमाण एक, आडवे दुसरे असे बदलते. म्हणून सराईत माणूस छापील प्रत हाती आल्यावर पहिल्यांदा फूटपट्टी काढतो. टायगर मॉथच्या पंखांची लांबी २९ फूट ४ इंच. म्हणजे एक चतुर्थांश प्रमाणात ती ८८ इंच भरली पाहिजे. नाही भरली तर दोष कोणत्या टप्प्यावर शिरला त्याचा शोध सुरू. आपल्याकडे कवितासंग्रहाच्या तिसऱ्या आवृत्तीत गळलेली ओळ पाचव्या आवृत्तीतही गळलेलीच राहते आणि शोधनिबंधात ती तशीच उद्धृत होते; फूटपट्टी कोणी काढत नाही.

आता पाठभेदांकडे येऊ. ‘टायगर मॉथ’ हे एक विमान नाही, आठ हजारांहून अधिक विमानांचे ते नाव आहे. त्यातली किती तरी युद्धकाळात वेगवेगळ्या देशांत बांधली गेली. कॅनडात थंडीमुळे वैमानिकांच्या डोक्यावर काचेचे आवरण आले, चाकांना ब्रेक आले, शेपटीखालच्या घसरपट्टीच्या जागी चाक आले. ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिरक्यांतून सावरणे सोपे जावे म्हणून शेपटीपुढे धडाच्या दोन्ही अंगांना चिंचोळ्या पट्ट्या बसवण्यात आल्या. त्याआधीच्या विमानांना त्या नव्हत्या. भारतातही हे विमान प्रशिक्षणासाठी वापरात होते आणि पुनर्बांधणी केलेले एक टायगर मॉथ भारतीय हवाई दलाने २०१२ मध्ये पुन्हा आकाशात नेले. तेव्हा मॉडेल बांधणाऱ्याने एका छायाचित्रातून पट्ट्या, दुसऱ्यातून रंग आणि तिसऱ्यातून शेपटीचे चाक उचलले, तर जे तयार होईल ते टायगर मॉथसारखे दिसेल, पण तसे विमान जगात कधीच नसेल.

ही अडचण पुण्यातल्या वाचकाला नवी नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्णत्वाला नेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवरचा प्रमुख आक्षेप हाच होता. विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी शेकडो हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेला पाठ कोणत्याही एका हस्तलिखितात जसाच्या तसा सापडत नाही. मात्र त्या संपादकांनी प्रत्येक निवडीखाली नाकारलेले पाठ नोंदवून ठेवले. वाचकाला संपादकाशी भांडता यावे, ह्याची सोय त्यांनी स्वतःच करून ठेवली. प्रतिकृतींच्या स्पर्धांनी दुसरी वाट धरली. तिथे स्पर्धक एक विशिष्ट विमान निवडतो, त्याच्या क्रमांकासह. त्या एका विमानाची रेखाटने आणि छायाचित्रे पंचांपुढे ठेवतो, आणि प्रतिकृतीची तुलना त्याच्याशीच होते. अनेक प्रतींतून एक पाठ सिद्ध करणे, किंवा एकच प्रत प्रमाण मानून तिच्याशी इमान राखणे, असे हे संपादनशास्त्रातले दोन जुने पक्ष आहेत. दोन्हींत मान्य नसलेली गोष्ट एकच: कुठून काय घेतले ते न सांगता केलेली सरमिसळ.

मूळ विमानातल्या एखाद्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टीला कारण असते, हेही आराखड्यांच्या अभ्यासातून कळते. टायगर मॉथचे पंख किंचित मागे कललेले आहेत. पुढच्या आसनावरील माणसाला हवाई छत्रीसह बाहेर पडता यावे म्हणून वरचा पंख पुढे सरकवावा लागला. त्यामुळे बिघडलेला तोल सावरण्यासाठी पंखांची टोके मागे नेली. कोणी बांधायला सोपे म्हणून हे पंख सरळ काढले, तर त्याने केवळ रेषा बदलली नाही. एका माणसाला जीव वाचवून बाहेर पडता यावे म्हणून केलेली सोय पुसली. जुन्या ग्रंथातला ‘अनावश्यक’ वाटणारा परिच्छेद संक्षिप्त आवृत्तीत गाळणाऱ्या संपादकांनी हे उदाहरण टेबलावर लावून ठेवावे.

म्हणजे मूळ बरहुकूम सगळे केले की झाले, असेही नाही. इथे ह्या छंदातला सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत विचारप्रवर्तक प्रश्न येतो. विमान लहान करता येते. हवा लहान करता येत नाही. एक चतुर्थांश प्रमाणात पंखांचे क्षेत्रफळ सोळावा भाग होते, पण वजन हिशोबाने चौसष्टावा भाग व्हायला हवे. टायगर मॉथचे भरलेले वजन सुमारे ८२८ किलो, म्हणजे प्रतिकृतीचे जवळपास १३ किलो. तेवढे जमवले तरी लहान, संथ पंखाभोवती हवेचा प्रवाह मोठ्या पंखाभोवतीच्यासारखा वागत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचे आखूड नाकही असाच घोटाळा करते. सॉपविथ पपच्या नाकात ८० अश्वशक्तीचे जड, स्वतःभोवती फिरणारे इंजिन होते. त्याने मागचा भार तोलला जाई. प्रतिकृतीतली मोटर त्या मानाने हलकी. म्हणून शेपटी जितकी हलकी करता येईल तितकी करायची आणि तरीही नाकात शिसे घालायचे, हा नेहमीचा मार्ग. आता विजेच्या मोटरसाठी लागणारी बॅटरीच नाकात सारून शिशाचे काम तिच्याकडून करवून घेतात.

म्हणजे तंतोतंत प्रतिकृती उडेलच असे नाही, आणि उत्तम उडणारी प्रतिकृती तंतोतंत असेलच असेही नाही. पुष्कळ रचनाकार मूळच्या पातळ, खालून पोकळ पंखाऐवजी खालून सपाट पंख घेतात, शेपटी थोडी मोठी करतात, ताणाच्या तारांपैकी काही नुसत्या देखाव्यापुरत्या ठेवतात. अनुवाद केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. कविता दुसऱ्या भाषेत नेताना छंद, शब्द, अर्थ, लय हे सारे एकाच प्रमाणात लहानमोठे होत नाहीत. त्या भाषेची हवा तिची स्वतःची असते. शब्दशः अनुवाद जमिनीवरच राहतो आणि ‘उडालेला’ अनुवाद मूळापासून किती दूर गेला ह्याची चौकशी करावी लागते.

ह्या पेचातून छंदातल्या लोकांनी काढलेली वाट मला आपल्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. त्यांनी नावे वेगळी ठेवली. मापाबरहुकूम असेल ते ‘स्केल’. ठेवण राखून सोयीचे बदल केले असतील ते ‘सेमी-स्केल’. ब्रिटनमधील फ्लेअर ह्या कंपनीने सॉपविथ पपवर बेतलेले एक किट काढले होते. त्याला त्यांनी ‘पप’ म्हटले नाही, ‘पपेटिअर’ म्हटले. कळसूत्री बाहुल्या नाचवणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. नावात मूळाची खूणही राहिली आणि हे ते नव्हे ही कबुलीही. आपल्याकडे रूपांतर, आधारित, स्वैर अनुवाद, संक्षिप्त आवृत्ती हे शब्द उपलब्ध असूनही मुखपृष्ठावर ‘अनुवाद’ एवढेच छापले जाते. अनुवादकाने काय बदलले आणि का बदलले ह्याचे दोन पानी टिपण मागितले तर प्रकाशक ‘वाचकाला त्यात रस नसतो’ असे सांगतो. ज्याला विमान पाडायचे नाही तो असे म्हणत नाही.

आराखडा आणि उड्डाण ह्यांच्यातले नाते तुटले की काय होते, ह्याचे उदाहरण आपल्या परंपरेत आहे, आणि ते आपण पुरेशा गांभीर्याने शिकवत नाही. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले ही कथा मराठी माणसाला ठाऊक आहे. २०१५ मध्ये तिच्यावर ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपटही निघाला. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह समकालीन पुरावा मात्र पुढे आलेला नाही. प्राचीन विमानविद्येच्या चर्चेत ज्याचा नेहमी हवाला दिला जातो तो ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत सांगितला आणि त्यातली विमानांची चित्रे बंगळुरातील एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने काढली. १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी ह्या ग्रंथाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन कामे केली. भाषा आणि ग्रंथाचा इतिहास तपासून तो १९०४ च्या आधीचा नाही असे दाखवले, आणि चित्रांतली विमाने उडण्याजोगी नाहीत हे गणिताने दाखवले. साहित्याच्या विद्यार्थ्याने ह्यातल्या पहिल्या कामाकडे नीट पाहावे. अभियंत्यांनी केलेली ती पाठचिकित्साच होती. ग्रंथ किती जुना, कोणी सांगितला, कोणी लिहून घेतला, चित्रे केव्हा जोडली गेली, हे प्रश्न आपले. ते त्यांनी विचारले. ज्यांचा अभिमान वाटावा असा वारसा आपल्याकडे खरोखर आहे, त्यांनी तो तपासायला घाबरू नये.

आता तयार विमानांविषयी, कारण इथे अन्याय होण्याचा संभव आहे. कारखान्यातून बांधून आलेले विमान उडवणारा माणूस कमी प्रतीचा, असे मला मुळीच म्हणायचे नाही. प्रत्येकाकडे बांधणीसाठी लागणारे महिनोन्‌महिने नसतात, दोन खोल्यांच्या घरात सात फुटी पंख चिकटवायला टेबल नसते, आणि उडवण्याचे कौशल्य हे बांधण्याच्या कौशल्यापेक्षा निराळे आहेच. नवशिक्याने तर जुने दुपंखी विमान पहिले म्हणून घेऊच नये. वरच्या बाजूला एकच पंख असलेले, स्वतःहून सावरणारे शिकाऊ विमान घ्यावे, आणि ते तयार मिळाले तरी हरकत नाही. आक्षेप एवढाच, की तयार विमान उडवून बांधणी आली असे समजू नये. प्रतिकृतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतल्या एफ-४-सी ह्या प्रकारात विमान स्पर्धकाने स्वतः बांधलेले असावे लागते. ज्यांनी बांधलेले नाही त्यांच्यासाठी वेगळा प्रकार आहे. दोघांनाही जागा आहे, फक्त गुणपत्रिका वेगवेगळी आहे.

आपल्या परीक्षांत ती एकच असते. गाइड वाचून कादंबरीवर उत्तर लिहिणारा विद्यार्थी आणि कादंबरी वाचून लिहिणारा विद्यार्थी एकाच मापाने मोजले जातात, आणि बहुधा पहिल्याला चार गुण जास्त मिळतात, कारण त्याची मुद्देसूद उत्तरे तपासायला सोपी जातात. गाइडला मी शत्रू मानत नाही. नोकरी करून बाहेरून एम. ए. करणाऱ्या विद्यार्थिनीला ते लागते, आणि तिच्या अडचणी ज्याला ठाऊक नाहीत त्याने तिला उपदेश करू नये. पण संहिता उघडल्यावाचून सोडवता येणार नाही असा एक तरी प्रश्न प्रत्येक प्रश्नपत्रिकेत असावा, एवढी व्यवस्था करणे आपल्या हाती आहे. ती आपण करत नाही.

राहता राहिला जतनाचा प्रश्न. मासिके बंद पडली किंवा मालकी बदलत गेली, तसे त्यांचे आराखडे दुर्मिळ होऊ लागले. तेव्हा दोन प्रकारची कामे झाली. अमेरिकेतील ‘अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’ ह्या १९३६ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने इंडियाना राज्यातल्या मन्सी गावी आपले संग्रहालय उभारले आणि आराखडे जपून त्यांच्या प्रती पुरवल्या. दुसरीकडे कोणाचाही हुकूम नसताना हौशी लोकांनी आपापल्या कपाटातले कागद स्कॅन केले. २०११ पासून ‘आउटरझोन’ ह्या मुक्त संग्रहात असे हजारो जुने आराखडे जमा झाले आहेत. तिथली नोंदीची पद्धत पाहण्यासारखी आहे. रचनाकार, प्रसिद्धीचे वर्ष व अंक, पंखांची लांबी, विमानाचा प्रकार, शक्तीचे साधन. आणि शक्य असेल तिथे मूळ लेखही सोबत. स्वच्छ केलेली प्रत कोणी पाठवली तर तिची नोंद होते, चूक कोणी दाखवली तर दुरुस्ती होते. ह्या कामामागे विद्यापीठ नाही, अनुदान नाही, पदोन्नतीसाठी मोजले जाणारे गुणांक नाहीत.

हक्कांचा प्रश्न इथेही आहे, आणि तो टाळून चालणार नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. ज्या रचनाकाराचे वारस हयात आहेत, किंवा ज्याचे आराखडे कोणी आजही विकत आहे, त्याचे कागद परवानगीवाचून वाटणे मला मान्य नाही. ज्याने आयुष्यभर रेषा काढल्या त्याच्या पोटावर पाय देऊन जतन होत नसते. मात्र जे आज कोणीही विकत नाही, ज्याचा मालक सापडत नाही आणि ज्याची शेवटची प्रत वाळवी खाते आहे, त्याच्या निदान नोंदी करायला कायदा आड येत नाही. नोंद ही प्रत नव्हे.

नेमके हेच काम मराठी विभागांनी करायचे टाळले आहे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याचे किती अंक आहेत, कोणत्या वर्षांचे नाहीत, हे तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? पहिल्यांदा अंकात आलेली कथा आणि नंतर संग्रहात आलेली कथा ह्यांत काय फरक आहे, हे पाहण्यासाठी दोन्ही समोर असावी लागतात. ती समोर नसतात, म्हणून आपण लेखकाच्या ‘विकासा’वर सुखाने लिहीत राहतो. टायगर मॉथच्या शेपटीवरच्या पट्ट्या कोणत्या वर्षी आल्या ह्यावर तासन्‌तास वाद घालणारे लोक जगात आहेत, आणि कोणत्या आवृत्तीत कोणता शेवट बदलला हे आपल्या अभ्यासकांना ठाऊक नसते.

म्हणून शेवटी एक साधा प्रस्ताव मांडतो. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला जिथे लघुप्रबंधाची सोय आहे तिथे, ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण’ ह्या चालीवरच्या दहा विषयांपैकी दोन काढून टाकावेत. त्या जागी दोन विद्यार्थ्यांना जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या एका बंद पडलेल्या मासिकाच्या पाच वर्षांची सूची करायला द्यावी. लेखक, शीर्षक, प्रकार, अंक, पृष्ठ. नंतर ते लेखन पुस्तकात आले असल्यास कोणत्या. आणि वानगीदाखल निवडलेल्या तीन कथांचे अंकातले व पुस्तकातले पाठ ओळीओळीने ताडून पाहिलेले. काम कंटाळवाणे आहे हे कबूल. वर्षभरात एका मार्गदर्शकाकडून अशा दोन सूच्या झाल्या तरी पुष्कळ. अडचण एकच आहे. प्रबंध तपासणाऱ्या बाह्य परीक्षकाला ‘ह्यात विश्लेषण कुठे आहे’ असे विचारण्याची सवय आहे. त्याला उत्तर देण्याची तयारी मार्गदर्शकाने ठेवावी लागेल, आणि परीक्षक म्हणून आपण स्वतः दुसऱ्या महाविद्यालयात जातो तेव्हा तो प्रश्न विचारण्याआधी सूची उघडून पाहावी लागेल.